पाळीवरचा बंगला

गाडीचे दिवे पाळीवर चढले का मले समजते,
आज शनिवार हाये.
पाटबंधारेवाले त दिवसा येते,
अन् तेही येतच नाई.

हे तिसरी गाडी.
पहिली अमरावतीची. दुसरीतले पोट्टे पिऊन होते,
फाटकाची सळई वाकवून, शिव्या देऊन गेले.
हे अकोल्याचे, रेवतकर म्हने.
नवरा, बायको, त्याची म्हातारी माय,
अन् मागच्या सीटवरून उतरलेली पोरगी,
झोपेतली, कमरेत हवेची ट्यूब घालूनच.

"लेक व्ह्यू कॉटेज हेच ना?"

म्या टॉर्च धरला बोर्डावर :
पाटबंधारे विभाग, निरीक्षण बंगला, गोटाळी तलाव.
'निरीक्षण'मधला 'क्ष' कवाचाच गळला.
तेरा वर्सं झाले कुलूप लागून.
किल्ली साहेबापाशी,
साहेब रिटायर.

त्यानं मोबाईल पुढं केला.
पहिले त मले आपलाच बंगला ओळखू आला नाई.
पानी निळं करून टाकलं होतं.
गोटाळीचं पानी जन्मात निळं नाई झालं,
हिरवं राह्यते, नाईतर मातकट.
भिंतीच्या भेगा पुसल्या. वडाले झुला टांगला.
पन व्हरांड्याच्या कठड्यावर
एक लाल पंचा वाळत होता,
काठ उसवलेला, निळ्या दोऱ्यानं टिपलेला.
तेवढा पुसाचा राह्यला त्याच्यानं.
माहा पंचा.

तवा आठवलं.
दिवाळीच्या मांगं एक पोट्टा आला होता मोटारसायकलवर.
"काका, फोटो काढू का?"
काढ म्हनलं, सरकारचा बंगला, माह्या बापाचं काय जाते.
गुळाचा चहा पाजला त्याले.
सूर्य कुठी बुडते, तेही मीच दाखवलं.
मी कठड्यापाशी उभा राह्यलो, बटनं लावून,
त म्हने, "काका, थोडं बाजूले व्हा."

अकरा हजार दोनशे.
अर्धे आधी, अर्धे काल, जागा पक्की कराले.
फोनवर बाई होती म्हने, लय गोड बोले.
साफसफाईचे सहाशे वेगळे घेतले तिनं.
(झाडतो त मी.)

त्यानं नंबर लावला. बंद.
पुन्हा लावला. पुन्हा.
मेलेल्या मानसाच्या नाकाशी
आपन घडीघडी बोट नेतो, तसा.
बायको माह्याकडं पाहत होती.
"तुम्हाला यातले किती मिळतात?"
म्या तोंड उघडलं अन् मिटलं.
एका चहाचा हिशेब मनात फिरत राह्यला.

ठाना बावीस किलोमीटर.
रस्त्यात नाल्याचा पूल खचलेला.
अन् तिथं पह्यलेच विचारतीन,
पैसे गेले कुठून?
गेले त अकोल्यातल्या सोफ्यावरून,
चहा पिता पिता.

पोरगी म्हने, "बाबा, स्विमिंग पूल?"
कोनीच बोललं नाई.
तलावात कुठीतरी मासा उडाला, तेवढाच आवाज.

व्हरांड्याले कुलूप नसते.
सतरंजी टाकली, माह्या घरचं कांबळं आनलं,
झुनका केला, भाकरी म्हातारीनं थापल्या.
तिनंच म्हटलं, विहिरीचं पानी गोड हाये,
अन् सगळ्यात आधी तीच घोरू लागली.
रेवतकर मात्र कठड्याले टेकून बसला,
मोबाईलचा उजेड तोंडावर,
तोच फोटो बोटानं मोठा करत, लहान करत.

सकाळी पोरीनं पाळीवरून गोटे मारले पान्यात,
ट्यूब कमरेतच होती.
जाताना त्यानं पाचशेची नोट कठड्यावर ठेवली,
उडू नये म्हनून वर गोटा.
नको म्हनलं म्या. गाडी सुरू झाली होती.

आता घेतली त ते भाडं होते,
अन् मी त्या पोट्ट्याचा भागीदार.
सोमवारपावतर नोट तशीच पडून होती.
मंगळवारी डाळ सरली.

फाटकावर कोळशानं लिवलं हाये :
इथं खोली भेटत नाई.
रातच्याले कोन वाचते?
पंचा आता मांगं, बाभळीवर वाळवतो,
काटे लागते त्याले.
अन् शनिवारचे तांदूळ धुताना
दोन मुठी जास्त पडते हातून.